जखमेकडचा वाटा

मी, रोझमेरी बस्त्याव रुमाव, वय वर्षे चोपन्न, धर्माने कॅथलिक, मूळ राहणार वसई, हल्ली मुक्काम अल हिलाल, दोहा, कतार, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या अकलेने लिहून ठेवते. मी पूर्ण शुद्धीत आहे. असे सगळेच लिहितात, पण मला ते सिद्ध करावे लागणार आहे, कारण माझे डोके फिरले असल्याचे घरच्यांनी आपसात ठरवून टाकले आहे. म्हणून सांगते. आज शुक्रवार आहे. सकाळी मी चहा आणि अर्धी पोळी घेतली. खालच्या मजल्यावरच्या मल्याळी बाईशी पाण्याच्या टाकीवरून भांडले आणि माझी बाजू बरोबर होती. माझ्यावर कोणीही दबाव आणलेला नाही. या घरात दबाव आणण्याचे काम माझ्याकडेच आहे.

माझी दोन्ही मूत्रपिंडे जवळजवळ निकामी झाली आहेत. मी डायलिसिसवर आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरू नका, पुष्कळ वेळ आहे, पण हे बोलताना ते माझ्याकडे पाहत नाहीत, मशीनकडे पाहतात. सबब आजच लिहिते.

मी टायपिस्ट होते. इथल्या एका कंत्राटदार कंपनीच्या ऑफिसात दुसऱ्यांची पत्रे टाइप करण्यात जन्म गेला. हा दस्त मात्र हाताने लिहिते आहे. जिथे खाडाखोड झाली आहे तिथे बाजूला सही केली आहे.

माझे पती बस्त्याव शहाण्णव साली शमालच्या रस्त्यावर गाडी उलटून वारले. आमची मुलगी एकच, क्रिस्टी. ती तेव्हा आठवीत होती. आता ती लग्न होऊन अल सद्दला राहते आणि तिला चौथा महिना आहे. हे मृत्युपत्र दिसायला घरादाराचे असले तरी खरे ते त्या चौथ्या महिन्यासाठी आहे.

कलम १. वसईचे घर, मागची केळीची वाडी आणि विहिरीतला आमचा अर्धा हिस्सा ही माझी व बस्त्यावची स्वकष्टार्जित मिळकत आहे. ती सर्व मी क्रिस्टी हिला देते. त्याला एक अट आहे, ती कलम ७ मध्ये आहे. क्रिस्टी, लगेच तिकडे जाऊ नकोस. क्रमाने वाच. आयुष्यात एकदा तरी आईचे म्हणणे पहिल्यापासून ऐक.

कलम २. माझी साखळी, क्रूस आणि बांगड्या क्रिस्टीच्या. बँकेत जे काही उरेल त्यातून आधी माझा देह वसईला नेण्याचा खर्च करावा. बाकीचे बाळासाठी ठेवावे.

कलम ३. या मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून मी माझा जावई रॉयस्टन याला नेमते. तो हिशेबी आहे, शांत आहे आणि त्याचा माझ्यावर विश्वास नाही. म्हणजे तो एकेक शब्द तपासून पाहील. मला तेच हवे आहे.

कलम ४. माझी नणंद रेजीन हिने बस्त्यावच्या महिन्याच्या मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेच्या, दिवशी विहिरीच्या पंपाची किल्ली आपल्या कमरेला लावली, ती अजून तिथेच आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही मायलेकी तिच्या दारात बादल्या घेऊन उभ्या राहिलो आहोत. मी तिला क्षमा केली असे फादरना सांगितले आहे. ते फादरपुरते होते. रेजीन, किल्ली क्रिस्टीला दे.

कलम ५. आता विल्यम. तो माझा धाकटा दीर. मुऐदरला एका मोठ्या कतारी घराण्यात तो वीस वर्षे स्वयंपाकी आहे. बस्त्याव गेला तेव्हा नातेवाइकांनी वसईहून फोन केले आणि रडून ठेवून दिले. विल्यम मात्र प्रत्येक शुक्रवारी या दारात आला. क्रिस्टीची शाळा, तिचे दात, तिचा पासपोर्ट, लग्नाचा हॉल, सगळे त्याने पाहिले. त्याने लग्न केले नाही. त्यावरून ज्यांना जे बोलायचे होते ते बोलून झाले आहे, खलास. तो माझा भाऊ होता आणि तिचा बाप होता, एवढेच या दस्तात नमूद करते.

तो शुक्रवारी येताना रिकाम्या हाताने कधीच आला नाही. त्याचे अरबाब, म्हणजे मालक, शिकारीचे शौकीन. हिवाळ्यात ते परदेशी वाळवंटात तंबू ठोकून राहतात आणि विल्यम स्वयंपाकाला बरोबर जातो. हरणे, डोंगरी बोकड, ससे बर्फाच्या पेट्यांतून घरी येतात. त्या स्वयंपाकघराची एक रीत आहे. मांड्या, पाठ आणि फासळ्या मजलिसमध्ये, बैठकीच्या दालनात, पाहुण्यांसाठी जातात. जिथे गोळी लागली तिथले मांस फाटलेले असते, त्यात रक्त साकळलेले असते, ते मालकांच्या ताटात जात नाही. ते स्वयंपाक्याचे. विल्यम त्याला जखमेकडचा वाटा म्हणतो. तो वाटा त्याला कोणी भीक म्हणून दिलेला नाही, त्याच्या हाताखालच्यांना तो मिळत नाही, आणि म्हणूनच तो माझ्या घरी आणून ठेवताना त्याची छाती फुगलेली असायची.

हे मांस तो निगुतीने साफ करतो. बोटांनी चाचपून गोळीचे तुकडे काढतो आणि बशीत टाकतो. मग ताडीच्या सिरक्याने, म्हणजे व्हिनेगरने, धुतो. थोड्याचा खिमा होतो, आणि उरलेले आमच्या बाटलीच्या मसाल्यात, लसणीत आणि पुन्हा सिरक्यात बरणीत मुरत पडते. इथे डुकराचे मांस मिळत नाही. डुकराच्या आंबट-तिखट विंदालूवाचून वसईकराचा नाताळ होत नाही. विल्यमने हरणाचा विंदालू काढला आणि अख्ख्या दोह्यातल्या वसईकरांचा नाताळ राखला. मिस्सा शाळेच्या हॉलमध्ये व्हायचा त्या काळापासून लोक मिस्सानंतर आमच्या जिन्यात रांग लावायचे. यंदा तर इथे चर्चही झाले, आणि फादर येण्याआधी लोकांनी विल्यमला बरणीचे विचारून ठेवले आहे.

आम्ही सर्वांनी ते आवडीने खाल्ले. क्रिस्टीच्या डब्यात खिमा असायचा. मी तर ताट पुसून खायचे, कारण फुकट मिळालेले मांस टाकवत नाही.

कलम ६. यंदा उन्हाळ्यात माझ्या पोटात कळा येऊ लागल्या. खडा असेल म्हणून क्लिनिकमध्ये एक्स-रे काढला. तिथला एक्स-रेवाला नसरुद्दीन, रत्नागिरीकडचा. मराठी ऐकून बोलायला लागला होता. फिल्म बघून त्याचा चेहरा बदलला. तो म्हणाला, "बाय, तुम्हाला कधी गोळी घातलीवती काय कोणी?"

मी म्हटले, "बोलणी पुष्कळ खाल्लीत बाबा. गोळ्या नाहीत."

त्याने फिल्म दाखवली. माझ्या आतड्यात दोन गोल पांढरे ठिपके होते. सशाच्या मांसातले छर्रे. मी ते गिळले होते आणि मला पत्ताही नव्हता. मला हसू आले होते हेही लिहून ठेवते. नसरुद्दीन हसला नाही. त्याने डॉक्टरांना सांगितले आणि माझे रक्त तपासायला परदेशी गेले. रक्तात शिसे भरमसाट निघाले.

डॉक्टरांनी विचारले, घरात जुना रंग आहे का, बॅटरीच्या कारखान्यात कोणी आहे का, डोळ्यांत सुरमा घालता का. मी नाही म्हटले. शिकारीचे मांस म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवले. त्यांनी मला जे समजावले ते मी आता क्रिस्टीला समजावते. हाडावर आपटली की शिशाची गोळी फुटते आणि तिचा भुगा होतो. तो भुगा भोकापासून वीतभर लांब मांसात शिरतो. बोटाला तो लागत नाही, दाताखाली येत नाही. खिमा केला की सगळीकडे पसरतो. आणि सिरक्यात पडला की विरघळतो. म्हणजे ज्या सिरक्याने विल्यम मांस शुद्ध करतो त्याच सिरक्यात ते विष उतरते, आणि जितके जास्त मुरेल तितके जास्त उतरते. माझी मूत्रपिंडे यानेच गेली का, हे डॉक्टर शपथेवर सांगत नाहीत. ब्लडप्रेशर होतेच, म्हणाले. पण खायचे आजपासून बंद, हे त्यांनी दोनदा सांगितले.

मी फ्रीजरमधले खिम्याचे पाकीट नेऊन नसरुद्दीनपुढे ठेवले. दुपारी क्लिनिक रिकामे असताना त्याने त्याचाही एक्स-रे काढला. तांदळात कण्या असाव्यात तसे पाकीटभर पांढरे कण.

ती फिल्म मी स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटसमोर धरली आणि विल्यमला दाखवली. तो नुकताच नवी बरणी घेऊन आला होता.

"ही हाडाची कणी आहे, वहिनी."

"हाड हे बाजूला बघ. करडं दिसतंय. हे कण पांढरेफटक आहेत."

"त्या मशीनवाल्याला मटणातलं काय कळतं?"

"आणि तुला शिशातलं काय कळतं, विल्यम?"

त्याने बरणी ओट्यावर ठेवली. म्हणाला, "इथलं पाणी बघा ना आधी. जुनी बिल्डिंग, जुने पाइप. ते नाही सुचलं तुम्हाला. माझा हातच सुचला."

"तुझ्या हाताला मी काय म्हटलं?"

"इतकी वर्षं मी तुमच्या ताटात विष वाढलं, हेच म्हणताय ना?"

मला तसे म्हणायचे नव्हते, आणि दुसरे काही म्हणताही येत नव्हते. मी गप्प राहिले. ती चूक झाली. तो न जेवता गेला आणि बरणी उचलून घेऊन गेला. तेव्हापासून शुक्रवारची बेल वाजत नाही.

त्याने ती बरणी क्रिस्टीला दिली. यात त्याचा कावा नव्हता. पुतणीला दिवस गेलेत, तिला आंबटाचे डोहाळे लागलेत, आणि तिला काय आवडते हे त्याच्याइतके कोणालाच माहीत नाही. मला ते फोनवर कळले. क्रिस्टी हसत सांगत होती, "ममा, मांस नाही खात जास्त. सकाळी फक्त तो रस, एक स्पून. व्हॉमिटिंग एकदम थांबतं."

डायलिसिसहून नुकतीच आले होते. दंडाची पट्टी तशीच होती. मी टॅक्सी केली आणि अल सद्दला गेले. तिच्या फ्रीजचे दार उघडले, बरणी काढली आणि बेसिनकडे निघाले. रॉयस्टन मध्ये आला. त्याने माझ्या हातातून बरणी हळूच काढून घेतली, लहान मुलाच्या हातातून सुरी काढून घ्यावी तशी. म्हणाला, "ममा, बसा. पाणी घ्या." क्रिस्टी रडायला लागली. "नॉट अगेन, ममा. डॅडी गेल्यावर हू वॉज देअर? काका होता. आता मी त्याला सांगू, तुझं फूड पॉयझन आहे?" मी ओरडले. शेजारची माणसे दारात आली. मी काय काय बोलले ते सगळे आठवत नाही, पण मी फ्रीजला पाठ लावून उभी होते आणि मला तिथून दोघांनी धरून हलवले हे आठवते. त्या दिवसापासून माझे डोके फिरलेले आहे.

कलम ७. कलम १ मधील मिळकत क्रिस्टीला माझ्या मृत्यूच्या दिवशी मिळणार नाही. तिने रक्तातले शिसे तपासून त्याचा कागद रॉयस्टनच्या हाती दिला, आणि बाळ अंगावर पिते आहे तोवर विल्यमच्या शिकारीच्या मांसाला, सिरक्याला किंवा त्या रसाच्या थेंबालाही शिवणार नाही असे लिहून दिले, त्या दिवशी मिळेल. हे बाळंतपणाच्या आत झाले नाही, तर घर, वाडी आणि विहीर रेजीनला जाईल. होय, रेजीनला. माझ्याजवळ याहून मोठी धमकी नाही.

क्रिस्टी, हे नीचपणाचे आहे हे मला कळते. तू म्हणशील, ममाने मला विकत घेतले. घेते आहे. प्रेमाने सांगून पाहिले, फिल्म दाखवून पाहिली, तुझ्या सोसायटीत स्वतःची शोभा करून पाहिली. माझ्या हातात आता घरच उरले आहे. डॉक्टरांनी मला आणखी एक सांगितले आहे, ते तू मला कधी पुरते बोलू दिले नाहीस. हे शिसे हाडात जाऊन बसते, दुधातले कॅल्शियम बसते त्याच जागी. बाळाला हाडे करायची असतात, ते आईच्या हाडांतून मागून घेते, आणि आईचे हाड दोन्ही देते. तुझ्या हाडांत तुझ्या शाळेच्या डब्यापासूनचे आहे. त्यात तू आता रोज सकाळी चमचा चमचा भर घालते आहेस. डॉक्टर म्हणाले, तपासणी झाली तर करण्यासारखे असते. दूध, गोळ्या, लक्ष ठेवणे. न तपासता काहीच करता येत नाही. बाळाच्या डोक्यावर परिणाम झाला तर तो पुढे भरून येत नाही, हेही म्हणाले. मला रात्री झोप लागत नाही. मी एवढी घाबरले आहे की स्वतःच्या मरणाची भीती त्यात कुठे हरवली ते कळत नाही.

कलम ८. माझा देह वसईला नेऊन बस्त्यावच्या शेजारी पुरावा. अंगावर लाल चौकड्यांचे लुगडे असावे, गाऊन नको. पण त्याआधी माझ्या पायाच्या नडगीचे हाड थोडे काढून घ्यावे आणि त्यातले शिसे तपासून घ्यावे. कोणती लॅब करील ते रॉयस्टनने शोधावे, मुंबईत नाही झाले तर बाहेर पाठवावे. येईल तो निकाल क्रिस्टी आणि विल्यम या दोघांना समोर बसवून मोठ्याने वाचावा. फादरना हे विचित्र वाटेल. त्यांना म्हणावे, देवाच्या दारात मी लंगडत जाईन, तो विचारणार नाही. माझे तोंड कोणी ऐकले नाही. माझे हाड तरी ऐका.

कलम ९. या घरातल्या फ्रीजरमध्ये उरलेली पाकिटे कोणालाही देऊ नयेत, मांजरांनाही नाही. नसरुद्दीनने ती नेऊन कुठे टाकायची तिथे टाकावीत. शिकारी बाजाने धरलेला पक्षी असला तर त्याला माझी हरकत नाही, त्यात गोळी नसते. हे मी विल्यमला सांगितले होते. तो म्हणाला, त्या पक्ष्याचा विंदालू होत नाही.

कलम १०. विल्यम याला मी काहीही देत नाही. याचे कारण लिहिणे भाग आहे, नाहीतर लोक भलतेच समजतील. बस्त्यावचे घड्याळ आणि केळीच्या वाडीचा विहिरीकडचा तुकडा मी त्याच्या नावे करणार होते. पण मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही असा कायदा आहे. एक साक्षीदार नसरुद्दीन. दुसरा मिळेना. ओळखीचे सगळे विल्यमच्या विंदालूवाले, आणि माझ्या दारात यायला कोणी राजी नाही. मग मी विल्यमलाच फोन केला.

म्हटले, "साक्षीला येशील? आलास तर तुला वाडी मिळणार नाही."

तो म्हणाला, "वाडी घेऊन मी काय करू? सही कुठे करायची ते सांगा."

मी म्हटले, "पण सगळं वाचावं लागेल. पहिल्या ओळीपासून."

मग म्हणाला, "वाचीन."

मी मुद्दाम केले आहे. मी तोंडाने बोलले की तो झटकतो, तोही माझाच दीर आहे. पण ज्यावर सही करायची तो कागद तो अक्षर न् अक्षर वाचतो, अरबाबच्या कोठीच्या पावतीपर्यंत. विल्यम, तू हे वाचतो आहेस तर एवढेच ऐक. तू आम्हाला जगवलेस. बस्त्याव असता तर त्याने याहून जास्त केले नसते. गोळी तू झाडली नाहीस, आणि शिशाचा भुगा होतो हे तुला कोणी शिकवले नाही. मला तुझ्याकडून माफी नको, कबुलीही नको. तू फक्त क्रिस्टीला सांग की बरणी ओत. ती माझे ऐकणार नाही, तुझे ऐकेल. एवढे एक वाक्य मला दे आणि मग आयुष्यभर माझ्याशी बोलू नकोस. फार दिवस ते तुला करावे लागणार नाही.

तो आज दुपारी येणार म्हणाला आहे. येईल की नाही, मला माहीत नाही.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी लिहून पुरे केले, वाचून पाहिले, आणि यातले एक अक्षरही मला बदलायचे नाही.

लिहून ठेवणार : रोझमेरी बस्त्याव रुमाव (सही)

साक्षीदार
१. नसरुद्दीन इस्माईल परकार, एक्स-रे टेक्निशियन (सही)
२. विल्यम सांतान रुमाव, स्वयंपाकी. निशाणी डाव्या हाताचा अंगठा

साक्षीबाबत नोंद. दुसऱ्या साक्षीदाराने सहीऐवजी अंगठा का दिला, याचा खुलासा करणे जरूर आहे. विल्यम मॅट्रिक झालेला आहे आणि त्याचे अक्षर आमच्या घरात सर्वांत चांगले.

तो दुपारी आला. क्रिस्टीच त्याला गाडीतून घेऊन आली. नसरुद्दीन आधीच येऊन बसला होता. विल्यमने चहा नको म्हटले, चष्मा लावला आणि टेबलाशी बसून सगळे वाचले. कलम सहा त्याने परत वाचले. मी त्याच्या तोंडाकडे पाहत होते. काही दिसले नाही. वाचून झाल्यावर म्हणाला, "हाडाची कणीच आहे ती, वहिनी. पण सही करतो."

मी पेन दिले. ते त्याच्या हातातून पडले. क्रिस्टीने उचलून दिले, परत पडले. मग मला दिसले की त्याचा उजवा पंजा मनगटातून खाली लोंबतो आहे. तो पंजा वर उचलायला बघत होता आणि पंजा उचलला जात नव्हता.

"एसीनं आखडलाय," विल्यम म्हणाला.

नसरुद्दीन उठून त्याच्याजवळ गेला. त्याने मनगट हातात घेतले. "काका, वर करा बघू." झाला नाही. "कधीपासून हाय?"

विल्यमने मनगट सोडवून घेतले. क्रिस्टी म्हणाली, "काका, म्हणून तू ड्राइव्ह करत नाहीस?" त्याने तिला सांगितले होते की गाडी गॅरेजला आहे. मग त्याने कबूल केले, रमजानपासून त्याच्या हातात सुरी राहत नाही. कापाकापी हाताखालचे करतात, तो फक्त उभा राहून सांगतो आणि चव घेतो. प्रत्येक बरणीची पहिली चव त्याचीच असते, वीस वर्षे. नसरुद्दीन मला एवढेच म्हणाला की शिशाने असे होते, डॉक्टरला दाखवल्याशिवाय शपथ घेणार नाही. विल्यमने ते ऐकले. तो आपल्या पंजाकडे असा पाहत होता, जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे.

मग त्याने डावा अंगठा पुढे केला. मी शाई लावली आणि कागदावर दाबला. अंगठा देऊन झाल्यावर तो क्रिस्टीकडे वळून म्हणाला, "पोरी, बरणी ओत. आत्ता जाऊन ओत."

क्रिस्टी एक हात पोटावर ठेवून उभी होती. लहानपणापासून मी मराठीत विचारले की ती इंग्रजीत उत्तर देते. आज ती मराठीत बोलली. "काका, मी आज सकाळीपण घेतला."

नसरुद्दीनने ओळखीच्या लॅबवाल्याला फोन लावला, शुक्रवार असूनही त्याला उघडायला लावले, आणि तो क्रिस्टीला घेऊन गेला आहे. जाताना ती माझ्या गळ्यात पडली आणि म्हणाली, ममा, बाळाला काही झालं तर? मी तिला इन्शाल्ला काही होणार नाही म्हटले. ते मला माहीत नाही.

सबब कलम ७ मधील अट आणि रेजीनचा उल्लेख मी रद्द करते. घर क्रिस्टीचे, बिनशर्त. कलम ८ मधील हाडाची तपासणीही रद्द. मला अख्खे पुरावे. मला जो पुरावा हवा होता तो माझ्या हाडात निघायला हवा होता, याच्या हातात नको होता.

नसरुद्दीन परतल्यावर या नोंदीखाली तो सही करील आणि विल्यमचा अंगठा पुन्हा घ्यावा लागेल. तूर्त विल्यम माझ्यासमोर बसला आहे. अंगठ्याची शाई पुसायला मी त्याला फडके दिले. ते त्याच्या उजव्या हातातून दोनदा खाली पडले. मग मी त्याचा अंगठा धरला आणि पुसून काढला. तो म्हणाला, "वहिनी, सगळ्यांना फोन करायला पाहिजे. नाताळच्या बरण्या मुरायला घरोघर गेल्यात." फोन माझ्या हातात आहे आणि तो नावे सांगतो आहे.

मुक्काम अल हिलाल, दोहा, कतार
शुक्रवार, दिनांक १४ नोव्हेंबर २००८